काच आणि तिच्यासारख्या पदार्थांचं वय कसं वाढतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्वार्ट्झचा स्फटिक आज मोजा किंवा दहा वर्षांनी मोजा. तापमान आणि दाब तेच असतील तर घनता तीच येईल, ताठरपणाही तोच येईल. काचेचं असं नसतं. तिची घनता सांगायची तर तापमानासोबत आणखी दोन गोष्टी सांगाव्या लागतात: ती कशी थंड केली आणि थंड करून किती वेळ झाला. प्लास्टिक, धातूंची काच (म्हणजे स्फटिक न होता गोठलेला मिश्रधातू), चिकणमातीचा लगदा, फेस, काही चुंबकीय मिश्रधातू अशा एकमेकांशी काहीही नातं नसलेल्या पदार्थांत हीच गोष्ट दिसते. या विषयावर पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

काच घन आहे की द्रव?

हातात घेतली तर घन, आत डोकावलं तर द्रवासारखी. द्रव थंड करत नेला की एरवी एका ठरावीक तापमानाला त्याचे रेणू शिस्तीत रचले जातात आणि स्फटिक तयार होतो. पण थंड करण्याचा वेग जास्त असेल, किंवा रेणूंचा आकारच शिस्तीत बसायला अडचणीचा असेल, तर ही संधी हुकते. द्रव आपल्या गोठणबिंदूच्या खाली उतरूनही द्रवच राहतो आणि झपाट्याने घट्ट होत जातो. त्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, एकावर बारा शून्यं इतके पास्कल-सेकंद झाली, की त्या तापमानाला काचसंक्रमण तापमान म्हणण्याचा प्रघात आहे. पाण्याची श्यानता एका पास्कल-सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकी असते, त्यावरून अंदाज यावा. खिडकीच्या काचेसाठी हे तापमान साधारण ५५० अंश सेल्सिअस, पॉलिस्टायरीनसाठी १०० अंश आणि ग्लिसरॉलसाठी उणे ८३ अंशांच्या आसपास असतं.

या तापमानाला रचनेत कुठलीही उलथापालथ होत नाही. क्ष-किरणांनी पाहिलं तर वरचा द्रव आणि खालची काच यांत फरक ओळखणं कठीण जातं. बदलतो तो वेग. रेणूंना आपली मांडणी बदलायला लागणारा वेळ आपल्या प्रयोगाच्या वेळेपेक्षा मोठा होतो आणि द्रव जिथे होता तिथेच अडकतो. म्हणूनच दहापट सावकाश थंड केलं तर काचसंक्रमण तापमान तीन ते पाच अंशांनी खाली सरकतं. पाण्याच्या गोठणबिंदूबाबत असं कधी ऐकलंय का?

‘समतोलापासून दूर’ म्हणजे नेमकं काय?

समतोलात असलेल्या पदार्थाला भूतकाळ नसतो. तापमान आणि दाब सांगा, बाकी सगळं ठरतं. पेल्यातलं पाणी आधी वाफ होतं की बर्फ, याचा मागमूसही त्यात सापडत नाही.

काच अडकली तेव्हाची रचना ही त्या वरच्या तापमानाच्या द्रवाची असते, पण तिचे रेणू थरथरतात मात्र आत्ताच्या, खालच्या तापमानाला साजेसे. या दोहोंत मेळ नाही. समतोलातली जी रचना या खालच्या तापमानाला असायला हवी, ती जास्त दाट आणि कमी ऊर्जेची आहे. काच त्या दिशेने सरकत राहते, अतिशय सावकाश. हे सरकणं म्हणजेच तिचं वय वाढणं.

अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये काम करणाऱ्या आर्थर टूल यांनी १९४०च्या दशकात यासाठी एक उपयोगी कल्पना मांडली, आभासी तापमानाची. काचेची आत्ताची रचना ज्या तापमानाच्या समतोल द्रवाशी जुळेल, ते तिचं आभासी तापमान. नुकत्याच झटक्याने थंड केलेल्या काचेचं आभासी तापमान वर असतं आणि वयाबरोबर ते खाली येत जातं. काच कारखान्यांतली गणितं आजही याच कल्पनेवर उभी आहेत. मात्र एकच आकडा सगळी गोष्ट सांगू शकत नाही. ते का, हे पुढे स्मृतीच्या प्रश्नात येईल.

वय वाढताना आत काय घडतं?

गच्च भरलेल्या सभागृहात उभ्या असलेल्या माणसाची कल्पना करा. त्याला अंग हलवता येतं, मान वळवता येते, पण एक पाऊल पुढे टाकायचं तर आजूबाजूच्या चार-पाच जणांनी एकाच वेळी थोडं थोडं सरकायला हवं. काचेतल्या प्रत्येक रेणूची हीच स्थिती असते. शेजाऱ्यांच्या पिंजऱ्यात तो सेकंदात अब्जावधी वेळा थरथरतो, पण पिंजरा सोडायला त्याला अनेकांची साथ लागते. अशी साथ क्वचित जुळते. जुळली की एक छोटा गट आपली मांडणी बदलतो आणि बहुतेक वेळा आधीपेक्षा थोड्या कमी ऊर्जेच्या स्थितीत स्थिरावतो. जागा थोडी आवळली जाते. मग पुढची फेरमांडणी आणखी अवघड होते.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: ही हालचाल सगळीकडे सारखी नसते. कुठल्याही क्षणी काही भाग तुलनेने चपळ असतात आणि त्यांच्या शेजारचे भाग पार थिजलेले. पाण्यात सोडलेल्या सूक्ष्म प्लास्टिक गोळ्यांच्या दाट मिश्रणात हे सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहता येतं. असे गोळे एकूण आकारमानाच्या सुमारे ५८ टक्के झाले की मिश्रण काचेसारखं वागू लागतं. गोळे रेणूंपेक्षा कितीतरी मोठे आणि संथ असल्यामुळे एकेकाचा माग काढता येतो.

जुन्या चर्चच्या खिडक्या खाली जाड झाल्या, त्या काच वाहिल्यामुळेच ना?

नाही. मध्ययुगात काचेचा फुगा फुंकून, तो फिरवून किंवा कापून तावदानं बनवत. त्यांची जाडी सगळीकडे एकसारखी येत नसे. जाड कड खाली ठेवून बसवलेली तावदानं सापडतात, तशीच जाड कड वर असलेलीही सापडतात.

ब्राझीलचे काचशास्त्रज्ञ एदगार झानोत्तो यांनी १९९८ मध्ये गणित मांडून दाखवलं, की खोलीच्या तापमानाला काच दिसण्याइतकी वाहायला लागणारा काळ विश्वाच्या वयाहूनही प्रचंड मोठा आहे. पुढे वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या मध्ययुगीन काचेच्या घटकांप्रमाणे नव्याने काच बनवून तिची श्यानता अभ्यासली गेली. ती आधीच्या अंदाजांपेक्षा कितीतरी कमी निघाली, पण तरीही निष्कर्ष तोच राहिला: एक अब्ज वर्षांत फार तर एक नॅनोमीटर वाहणं.

मग खोलीच्या तापमानाला काचेत काहीच बदल होत नाही?

होतो, आणि तो मोजलाही गेला आहे. वाहणं वेगळं आणि आवळणं वेगळं, ही गल्लत टाळायला हवी.

ऊर्जेच्या अक्षय्यतेसाठी आपण ज्यांना ओळखतो त्या जेम्स जूल यांनी पाऱ्याचा एक तापमापक १८४४ पासून १८८२ पर्यंत, म्हणजे ३८ वर्षं, अधूनमधून वितळत्या बर्फात बुडवून त्याचा शून्यबिंदू नोंदवला. शून्य हळूहळू वर चढत गेला, एकूण सुमारे अर्धा अंश सेल्सिअस. कारण असं, की पारा धरून ठेवणारा काचेचा फुगा आक्रसत होता आणि पारा वर ढकलला जात होता. सुरुवातीच्या वर्षांत चढ जास्त होता, नंतर कमी कमी होत गेला, पण थांबला नाही. एका माणसाने चिकाटीने केलेल्या या नोंदी आजही काचेच्या वयोमानाच्या अभ्यासात वापरल्या जातात, याचा मला मनापासून आदर वाटतो. पुढे १८८०च्या दशकात ओटो शॉट यांनी जर्मनीतल्या येना इथे तापमापकांसाठी अशी काच तयार केली, जिचा शून्य फारसा सरकत नसे. सोडियम आणि पोटॅशियम एकत्र वापरलेल्या काचेत हा दोष जास्त असतो, हे तोवर लक्षात आलं होतं.

अलीकडचं उदाहरण फोनच्या पडद्यांवर वापरल्या जाणाऱ्या गोरिला ग्लासचं. २०१३ मध्ये ती बनवणाऱ्या कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की तिचा मोठा ताव खोलीच्या तापमानाला ठेवला तरी दीड वर्षात मीटरमागे सुमारे १० मायक्रोमीटर इतका आक्रसतो. आकडा क्षुल्लक वाटेल, पण काचसंक्रमण तापमानापासून शेकडो अंश खाली असलेल्या पदार्थात हे घडतंय. शिवाय हे आक्रसणं साध्या घातांकी नियमाने, म्हणजे उरलेला बदल दर ठरावीक वेळात ठरावीक पटीने घटत, होत नव्हतं. ते ज्या ‘ताणलेल्या’ घातांकी नियमाने होतं, तो रुडॉल्फ कोलराउश यांनी १८५४ मध्ये लायडन जारमधला (विद्युतभार साठवणाऱ्या काचेच्या बरणीतला) विद्युतभार कसा ओसरतो हे मोजताना लिहिला होता. सुरुवातीला झटपट आणि नंतर लांबलचक शेपटी, असं त्याचं रूप असतं.

प्लास्टिक उन्हात पिवळं पडून तडकतं, तेही हेच का?

नाही, ते रासायनिक जरण. अतिनील किरणं आणि ऑक्सिजन यांमुळे रेणूंच्या साखळ्या तुटतात, नवे बंध तयार होतात. ते परत फिरवता येत नाही.

इथे आपण बोलतोय ते भौतिक जरण. त्यात एकही रासायनिक बंध तुटत नाही, फक्त मांडणी बदलते. ओळखायची खूण सोपी आहे: पदार्थ काचसंक्रमण तापमानाच्या वर नेऊन थोडा वेळ ठेवला की भौतिक जरण पुसलं जातं, रासायनिक जरण तसंच राहतं.

पदार्थाचं वय मोजतात कसं?

यातला पायाभूत प्रयोग नेदरलँड्समधल्या स्ट्रुइक यांचा. त्यांनी आपलं सविस्तर काम १९७८ मध्ये प्रसिद्ध केलं. पीव्हीसीसारखं प्लास्टिक त्याच्या काचसंक्रमण तापमानाच्या वर, ९० अंशांवर तापवायचं आणि झटक्याने ४० अंशांवर आणायचं. घड्याळ इथून सुरू. ठरावीक काळ थांबायचं आणि मग त्याला हलका भार लावून ते किती आणि किती वेगाने ताणलं जातं ते बघायचं. अभियंते याला क्रीप म्हणतात. भार थोडाच वेळ ठेवायचा, तोवर झालेल्या वयाच्या एक दशांशाहून कमी. नाहीतर मोजता मोजताच वय वाढतं आणि काय मोजलं तेच कळेनासं होतं. मग भार काढायचा, आणखी थांबायचं, पुन्हा मोजायचं. अशा रीतीने काही मिनिटांपासून सुमारे एक हजार दिवसांपर्यंतच्या वयाची मोजमापं झाली.

निकाल फार देखणा होता. वय वाढेल तसं ताणणं मंद होत गेलं. पण वेळेचा अक्ष लॉगरिथमिक घेऊन, म्हणजे दर समान टप्प्याला वेळ दहापट होईल असा, प्रत्येक वक्र आडवा सरकवला, तर सगळे वक्र एकमेकांवर तंतोतंत बसले. म्हणजे वय वाढल्याने वागण्याची पद्धत बदलत नाही, बदलतो तो वेग. आणि किती सरकवावं लागतं? वय दहापट, तर वेगही जवळपास दहापट कमी. एक दिवस वयाचं प्लास्टिक जे एका तासात करतं, तेच करायला दहा दिवस वयाच्या प्लास्टिकला सुमारे दहा तास लागतात.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. या पदार्थाला स्वतःचं असं ठरलेलं कालमान नाही. त्याचं कालमान म्हणजे त्याचं वय. सर्वसाधारण भौतिकशास्त्रात आपण गृहीत धरतो की प्रयोग सकाळी करा किंवा संध्याकाळी करा, उत्तर एकच. इथे ते गृहीतकच निकालात निघतं.

वय मोजण्याचे इतरही मार्ग आहेत. तापवताना काच किती उष्णता शोषते ते कॅलरीमापकाने पाहतात. वय झालेली काच काचसंक्रमणापाशी उष्णतेचा एक उंच सुळका दाखवते, कारण वयाबरोबर गमावलेली ऊर्जा तिला परत घ्यावी लागते. सुळका जितका उंच, तितकं वय जास्त. याशिवाय प्रकाशाचं विकिरण, विद्युतरोधी गुण, घनता यांवरूनही वय कळतं.

हा बदल कायम मंदावत का जातो?

कारण जो बदल होतो तोच पुढच्या बदलाची वाट अडवतो. रचना दाट झाली की रेणूंची हालचाल मंदावते, हालचाल मंदावली की दाट होण्याचा वेग घटतो. एरवी थंड होणारा पदार्थ आपल्या ठरलेल्या वेगाने समतोलाकडे जातो. काच स्वतःचा वेग स्वतःच कमी करत जाते. म्हणूनच जूल यांच्या नोंदींत आणि स्ट्रुइक यांच्या वक्रांत लॉगरिथम डोकावतो: पहिल्या तासापासून दहाव्या तासापर्यंत जेवढा बदल, साधारण तेवढाच दहाव्यापासून शंभराव्यापर्यंत.

फोर्ड मोटार कंपनीत काम करणाऱ्या नारायणस्वामी यांनी १९७१ मध्ये यातून एक सुरेख वाट काढली. त्यांनी सुचवलं की आपलं घड्याळ बाजूला ठेवावं आणि पदार्थाचं आतलं घड्याळ वापरावं. रेणू चपळ असतील तेव्हा ते भराभर चालतं, रेणू थिजले की सावकाश. या आतल्या वेळेत पाहिलं, तर वय वाढण्याची सगळी गुंतागुंत सरळ होते. मोटारींच्या वक्र काचांमधले ताण काढायला हे सूत्र कामी आलं आणि आजही येतं.

ते आतलं घड्याळ प्रत्यक्ष वाचता येतं का, हा प्रश्न मात्र पन्नास वर्षं रेंगाळला. २०२४ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाट आणि डेन्मार्कमधल्या रोस्किल्ड इथल्या संशोधकांनी वय वाढत असलेल्या पदार्थातून परतणाऱ्या लेझर प्रकाशाच्या ठिपक्यांची लुकलुक नोंदवून ते करून दाखवलं. त्या घड्याळाने पाहिल्यावर रेणूंची चलबिचल समतोलातल्यासारखी दिसते, इतकी की पुढची आणि मागची दिशाही वेगळी ओळखता येत नाही. काच म्हातारी होतेय हे फक्त आपल्या घड्याळालाच दिसतं, असंही म्हणता येईल.

काचेला खरंच ‘स्मृती’ असते का?

असते, आणि ती तपासण्याचा प्रयोग अतिशय साधा आहे. फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग इथे आंद्रे कोवाक्स यांनी पॉलिव्हिनाइल ॲसिटेटवर केलेला हा अभ्यास १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला.

नमुना आधी गरम करायचा, मग एकदम १० अंशांवर आणून काही दिवस ठेवायचा. तो आक्रसत जातो. आक्रसता आक्रसता त्याचं आकारमान असं होतं, जे ३० अंशांना समतोलात असताना असायला हवं. नेमक्या त्या क्षणी त्याला ३० अंशांवर आणायचं. तापमान बरोबर, आकारमान बरोबर, दाब तोच. काहीच घडायला नको. पण नमुना फुगायला लागतो. फुगत फुगत एका कमाल मर्यादेपर्यंत जातो आणि मग पुन्हा आक्रसत, बराच वेळ घेऊन, होता तिथेच परत येतो.

का? कारण आकारमान सारखं असलं तरी आतली मांडणी सारखी नाही. १० अंशांवर असताना चपळ भाग त्या तापमानाला साजेसे घट्ट झाले होते, संथ भाग मात्र अजून वरच्या तापमानातल्या ढिल्या रचनेत होते. दोघांची बेरीज योगायोगाने बरोबर आली होती. ३० अंशांवर आणल्यावर चपळ भाग लगेच सैलावतात म्हणून नमुना फुगतो, आणि मग संथ भाग हळूहळू आवळतात म्हणून आक्रसतो. आभासी तापमानाचा एकच आकडा का पुरत नाही, याचं उत्तर या प्रयोगात आहे. काचेच्या बाबतीत ‘आत्ता स्थिती काय?’ एवढं विचारून भागत नाही, ‘इथवर कशी आलीस?’ हेही विचारावं लागतं.

कोवाक्स यांनीच आणखी एक विषमता दाखवली. ४० अंशांवरून ३५ वर येणारा नमुना आणि ३० वरून ३५ वर जाणारा नमुना, दोघांना पाचच अंशांचं अंतर कापायचं असतं. वरून येणारा सुरुवातीला वेगाने जातो आणि पुढे रेंगाळतो. खालून जाणारा आधी हलायलाच तयार नसतो, मग वेग घेतो. आतल्या घड्याळाची कल्पना ध्यानात असेल तर याचं कारण वेगळं सांगायला नको.

वय उलटं फिरवता येतं का?

पूर्णपणे फिरवायचं असेल तर काचसंक्रमण तापमानाच्या वर तापवा. समतोल द्रव झाला की सगळा भूतकाळ पुसला जातो.

अर्धवट फिरवण्याचेही मार्ग आहेत. वय होऊन ठिसूळ झालेलं पॉलिस्टायरीन रुळांमधून दाबून काढलं तर काही काळ ते न तुटता ताणलं जातं, पण लवकरच पुन्हा ठिसूळ होतं. पॉलिकार्बोनेटमध्ये हाच परिणाम कितीतरी जास्त टिकतो. धातूंच्या काचेबद्दल २०१५ मध्ये एक अनपेक्षित शोध प्रसिद्ध झाला: तिला द्रवरूप नायट्रोजनच्या उणे १९६ अंशांवर आणि पुन्हा खोलीच्या तापमानावर असं आलटून पालटून नेलं, की ती तरुण होते, म्हणजे तिची ऊर्जा वाढते आणि ती कमी ठिसूळ होते. कारण बहुधा असं की तिचे वेगवेगळे भाग थंडीने वेगवेगळ्या प्रमाणात आक्रसतात आणि त्या ओढाताणीत रचना सैल होते.

हे फक्त काचेतच घडतं का?

नाही, आणि या विषयाचं मोठं आकर्षण तेच आहे.

लॅपोनाइट ही कृत्रिम चिकणमाती घ्या. तिच्या चकत्या जेमतेम २५ ते ३० नॅनोमीटर रुंद आणि एक नॅनोमीटर जाड. पाण्यात काही टक्के मिसळल्या की आधी पाण्यासारखा पातळ द्रव मिळतो. भांडं न हलवता ठेवलं की तो घट्ट होत जातो. जोराने ढवळलं की पुन्हा पातळ, आणि वयाची मोजणी पुन्हा शून्यापासून. तापवण्याचं काम इथे ढवळणं करतं.

शिकागो विद्यापीठात १९९५ मध्ये काचेचे मणी भरलेली उभी नळी ठराविक जोराने टकटक करून हलवत नेली. मणी दाट बसत गेले, पण लॉगरिथमच्या गतीने. हजारो टकटकींनंतरही घनता वाढतच होती. तिथेच पुढे चुरगळलेल्या प्लास्टिकच्या पातळ तावावर वजन ठेवून पाहिलं, तर त्याची उंची कित्येक आठवडे लॉगरिथमिक गतीने घटत राहिली. २०१७ मध्ये हार्वर्डच्या गटाने अशाच चुरगळलेल्या तावाला आधी जास्त दाबलं, काही वेळ थांबून दाब थोडा सैल केला आणि तो परत किती जोर लावतो ते मोजलं. जोर आधी वाढला, मग घटला. कोवाक्स यांच्या नमुन्याचीच चाल! त्यात उच्चांक कधी येतो, हे आधी किती वेळ थांबलो त्यावर ठरत होतं. रेणूंचा आकार आणि तावाच्या घड्या यांत कोट्यवधी पटींचा फरक आहे, तरी दोन्हींत तेच.

घर्षणही याच घरातलं. दोन दगड एकमेकांवर जितका वेळ स्थिर राहतील, तितका त्यांना सरकवायला लागणारा जोर वेळेच्या लॉगरिथमप्रमाणे वाढतो. भूकंपांच्या सिद्धांतांत हा नियम मध्यवर्ती आहे.

स्पिन ग्लासचा यात काय संबंध?

तांब्यात थोडे मँगनीजचे अणू विखुरले की त्यांच्या सूक्ष्म चुंबकांमध्ये परस्परविरोधी ओढाताण सुरू होते. सगळ्यांचं समाधान करणारी मांडणी सापडतच नाही. थंड केल्यावर ते चुंबक अस्ताव्यस्त दिशांना थिजतात. हाच स्पिन ग्लास. स्वीडनमधल्या उप्सालाच्या गटाने १९८३ मध्ये दाखवलं, की अशा पदार्थाचा चुंबकीय प्रतिसाद तो किती वेळ थंड ठेवला यावर अवलंबून असतो.

यातला सर्वांत अचंब्याचा प्रयोग १९९८चा. फ्रेंच आणि स्वीडिश संशोधकांनी क्रोमियमयुक्त एक स्पिन ग्लास थंड करता करता १२ केल्विनवर काही तास थांबवला. तिथे त्याचा प्रतिसाद घटत गेला, म्हणजे वय वाढलं. मग आणखी थंड केला तर तो जणू कोरा झाला, आधीच्या थांब्याचा मागमूस उरला नाही. पण परत तापवत आणताना १२ केल्विनपाशी प्रतिसादात नेमका तोच खळगा उमटला. तरुण होणं आणि लक्षात ठेवणं दोन्ही एकाच वेळी. साध्या काचेत हे इतक्या स्वच्छपणे दिसत नाही.

सिद्धांताच्या बाजूने स्पिन ग्लासने खूप दिलं. जॉर्जिओ पारिसी यांना २०२१ चं नोबेल मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा होता. लेतिसिया कुग्लिआंदोलो आणि खोर्गे कुर्चान यांनी १९९३ मध्ये अशा एका प्रतिमानाचं, म्हणजे पदार्थाच्या सोप्या गणिती नमुन्याचं, वय वाढणं गणिताने सोडवून दाखवलं. त्यातून पुढे असं निघालं, की वय वाढणाऱ्या पदार्थाला दोन तापमानं असल्यासारखी असतात: जलद थरथरीसाठी भोवतालचं, आणि मंद फेरमांडणीसाठी त्याहून जास्त. प्रतिमानांत ही कल्पना चोख चालते. प्रत्यक्ष पदार्थांतले प्रयोग मात्र एकमताचे नाहीत, त्यामुळे तिला निसर्गनियम मानण्याची घाई करू नये असं माझं मत आहे.

व्यवहारात याने कुणाला फरक पडतो?

बऱ्याच जणांना. प्लास्टिकचा भाग साच्यातून निघाल्यावर महिन्यांत जास्त ताठर आणि जास्त ठिसूळ होतो. आज केलेली धडक-चाचणी वर्षभरानंतरच्या वापराबद्दल खात्री देत नाही. वायू वेगळे करणाऱ्या पॉलिमर पडद्यांमधली सूक्ष्म पोकळी आवळत जाते आणि त्यांतून वायू जाण्याचं प्रमाण घटतं. पडदा जितका पातळ तितकं हे लवकर घडतं, आणि उद्योगाला हवे असतात पातळच पडदे.

काही औषधं पाण्यात विरघळावीत म्हणून मुद्दाम काचरूपात बनवतात. वय वाढताना विरघळण्याचा वेग कमी होऊ शकतो आणि रेणू अजून सरकत असल्याने स्फटिक होण्याचा धोका राहतो. म्हणून काचसंक्रमण तापमानाच्या निदान ५० अंश खाली साठवावं, असा ढोबळ संकेत औषधनिर्मितीत आहे. विद्युतरोधावर माहिती साठवणाऱ्या अवस्थांतर स्मृतीत, म्हणजे जर्मेनियम, अँटिमनी आणि टेल्युरियमच्या चिपमध्ये, काचरूप ठिपक्याचा रोध वेळेबरोबर वाढत जातो. दोनच पातळ्या असतील तर चालतं, पण एका ठिपक्यात अनेक पातळ्या साठवायच्या तर त्या एकमेकींत मिसळू लागतात.

खरोखर म्हातारी काच कुठे मिळते?

निसर्गात, अंबरमध्ये. झाडाची राळ गाडली जाऊन तयार झालेली ही काच डॉमिनिकन प्रजासत्ताकात दोन कोटी वर्षांची सापडते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिचं आभासी तापमान काचसंक्रमणाच्या ४० अंशांहून अधिक खाली गेलेलं आढळलं. प्रयोगशाळेत कुणी कितीही थांबलं तरी एवढं खाली जाणं शक्य नाही.

दुसरी वाट विस्कॉन्सिन विद्यापीठात मार्क एडिगर यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवली. द्रव थंड करण्याऐवजी पदार्थाच्या वाफेचे रेणू एका पृष्ठभागावर एकेक थर असे बसवायचे. पृष्ठभागाचं तापमान केल्विनमध्ये काचसंक्रमणाच्या सुमारे ८५ टक्के ठेवायचं. वरच्या थरातल्या रेणूंना वरून पिंजरा नसतो, त्यामुळे गाडले जाण्याआधी ते चांगली जागा शोधून घेतात. काही तासांत अशी काच तयार होते, जिच्याइतकी स्थिर काच साध्या पद्धतीने मिळवायला हजारो वर्षं थांबावं लागलं असतं.

पुरेसा वेळ दिला तर काच शेवटी समतोलाला पोहोचते का?

काचसंक्रमणाच्या थोडंसंच खाली असेल तर पोहोचते, तास-दिवसांत, आणि ते मोजून पाहता येतं. फार खाली असेल तर प्रश्न वेगळाच होतो: तिथे पोहोचण्यासारखा समतोल आहे तरी का आणि असला तर कसा? वॉल्टर काउझमान यांनी १९४८ मध्ये दाखवलं, की अतिशीत (गोठणबिंदूखालीही न गोठलेल्या) द्रवाची एन्ट्रॉपी, म्हणजे अव्यवस्थेचं माप, ज्या वेगाने घटते तो वेग तसाच पुढे चालू ठेवला, तर एका तापमानाला ती स्फटिकाएवढी होते. अस्ताव्यस्त द्रवाची एन्ट्रॉपी शिस्तबद्ध स्फटिकाएवढी! म्हणजे तिथे एकतर खरं अवस्थांतर दडलेलं आहे, किंवा त्याआधीच घट कुठेतरी मंदावते. दोन्ही बाजूंचे जाणकार आजही आपापल्या मतावर ठाम आहेत. प्रत्यक्ष तिथे जाऊन पाहता येत नाही, कारण तिथे समतोल साधायला लागणारा काळच आवाक्याबाहेर जातो. संगणकावर मात्र एक युक्ती निघाली आहे. वेगवेगळ्या आकाराच्या कणांची आपसात अदलाबदल करायची, जी निसर्गात घडत नाही. त्यामुळे पिंजरे झटकन सुटतात आणि प्रतिमान प्रयोगशाळेतल्या काचसंक्रमणाच्याही खाली समतोलात नेता येतं. त्रिमितीय प्रतिमानांत तिथवर एन्ट्रॉपी घटतच गेलेली दिसते आहे.